मर्यादित ग्राफिक्स क्षमतेच्या जुन्या संगणकांवर आधुनिक डेस्कटॉप पर्यावरण : नागपूर परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित समर्थन संपुष्टात आले. त्यामुळे महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळांतील जुन्या संगणकांचे काय करावे, हा प्रश्न तातडीचा झाला आहे. असे संगणक मंद वाटण्याची जी कारणे आहेत त्यांपैकी ग्राफिक्स क्षमतेची मर्यादा हे सर्वांत कमी समजून घेतले गेलेले कारण होय. आधुनिक डेस्कटॉप पर्यावरणे पडद्यावरील चित्र कोणत्या पद्धतीने रचतात, त्या पद्धतीचा जुन्या यंत्रावर किती भार पडतो, हा भार कमी करण्याचे कोणते मार्ग उपलब्ध आहेत आणि कोणता संगणक ठेवावा, कोणता निर्लेखित करावा, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नागपूरचा उन्हाळा आणि मराठी मजकुराची गरज या दोन स्थानिक बाबींचा विचारही त्यात अंतर्भूत आहे.

बीजशब्द : डेस्कटॉप पर्यावरण, ग्राफिक्स, कंपोझिटिंग, मुक्तस्रोत आज्ञावली, ई-कचरा, निर्लेखन

१. प्रस्तावना

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत पसरलेले आहे. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठाच्या स्थापनेनंतर त्यातून वेगळे झाले. शहरातील शतकोत्तर परंपरेच्या महाविद्यालयांपासून तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या लहान महाविद्यालयांपर्यंत सर्वांना आज संगणक प्रयोगशाळा आवश्यक झाली आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, म्हणजे २००७ ते २०१२ या वर्षांत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विविध योजनांमधून महाविद्यालयांना संगणक घेता आले. नेटवर्क रिसोर्स सेंटर ही त्यांपैकीच एक योजना. बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली. परिणामी, त्या काळात डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदले गेलेले संगणक बदलण्यासाठी तसा सुलभ मार्ग पुढे राहिला नाही.

दरम्यान आज्ञावलींचे जग पुढे गेले. विंडोज एक्सपीचे समर्थन ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. सशुल्क वाढीव सुरक्षा-समर्थनाची सोय मर्यादित कालावधीसाठी आहे. परंतु तो कायमचा उपाय नव्हे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती, किमान ४ जीबी मेमरी आणि डायरेक्टएक्स १२ शी सुसंगत ग्राफिक्स आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. याचा अर्थ असा की, यांत्रिकदृष्ट्या सुस्थितीत असलेले अनेक संगणक केवळ आज्ञावलीच्या अटींमुळे निरुपयोगी ठरण्याच्या मार्गावर आहेत.

यावर मुक्तस्रोत कार्यप्रणाली हा पर्याय सुचविला जातो. परंतु तो अवलंबिणाऱ्या प्राध्यापकांचा अनुभव बरेचदा निराशेचा असतो. नवी कार्यप्रणाली बसविली जाते, पडदा आकर्षक दिसतो, आणि खिडकी सरकवताच संगणक अडखळू लागतो. त्यावरून 'यंत्रच जुने झाले' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष प्रत्येक वेळी बरोबर असतोच असे नाही. पुष्कळदा यंत्र त्या कामाला पुरेसे असते. निवडलेले डेस्कटॉप पर्यावरण त्याच्या ग्राफिक्स क्षमतेला न पेलणारे असते.

२. डेस्कटॉप पर्यावरण : संकल्पना

कार्यप्रणाली आणि डेस्कटॉप पर्यावरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. विंडोजमध्ये त्या एकत्रच मिळत असल्याने हा भेद जाणवत नाही. लिनक्समध्ये मात्र गाभा वेगळा आणि त्यावरील पडदा, खिडक्या, पॅनेल, मेनू, फाइल-व्यवस्थापक यांचा संच वेगळा असतो. या संचालाच डेस्कटॉप पर्यावरण म्हणतात. घर तेच ठेवून आतील मांडणी बदलावी त्याप्रमाणे एकाच कार्यप्रणालीवर निरनिराळी पर्यावरणे बसविता येतात.

या पर्यावरणांचा इतिहास तीन दशकांचा आहे. केडीई आणि एक्सएफसीई या प्रकल्पांचा आरंभ १९९६ मध्ये झाला. ग्नोमचा १९९७ मध्ये. कमी साधनांवर चालण्याच्या हेतूने एलएक्सडीई २००६ मध्ये पुढे आले आणि त्याच परंपरेतून नंतर एलएक्सक्यूटी विकसित झाले. ६ एप्रिल २०११ रोजी ग्नोम ३ प्रकाशित झाले. त्याची रचना पूर्णतः नवी आणि त्रिमितीय ग्राफिक्सवर अवलंबून होती. हा बदल न रुचलेल्यांनी त्याच वर्षी जुन्या ग्नोम २ ची परंपरा 'माटे' या नावाने पुढे चालविली. ग्राफिक्सची क्षमता नसलेल्या संगणकांसाठी ग्नोम ३ मध्ये आरंभी एक पर्यायी साधी रचना ठेवलेली होती. २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. जुन्या संगणकांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची ठरली.

हा प्रश्न केवळ लिनक्सचा नाही. विंडोज व्हिस्टामधील 'एरो' या पारदर्शक रूपासाठी विशिष्ट दर्जाचे ग्राफिक्स लागत असे. इंटेलच्या ९१५ या चिपसेटवर ते चालत नव्हते, तरीही त्या संगणकांवर 'व्हिस्टा कॅपेबल' अशी चिठ्ठी लावली गेली होती. यावरून अमेरिकेत २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध खटला दाखल झाला. विंडोज ८ पासून तर ही रचना-पद्धती बंद करण्याची सोयच उरली नाही.

३. पडद्यावरील चित्र कसे घडते

जुन्या पद्धतीत सर्व खिडक्या एकाच सामायिक फलकावर थेट रेखाटल्या जात. एक खिडकी दुसरीवर आली की खालचा भाग पुसला जाई. वरची खिडकी हलविली की खालच्या कार्यक्रमाला 'तुझा एवढा भाग पुन्हा काढ' अशी सूचना मिळे. विंडोज एक्सपीच्या काळात एखादा कार्यक्रम अडकला असता त्यावरून दुसरी खिडकी ओढल्यास तिच्या प्रतिमांची रांग पडद्यावर उमटत असे, हे अनेकांना स्मरत असेल. त्याचे कारण हेच होते. अडकलेला कार्यक्रम आपला भाग पुन्हा रेखाटू शकत नव्हता. या पद्धतीत दोष होते. परंतु काम अत्यल्प होते. कर्सर लुकलुकला तर दहा बाय वीस चित्रबिंदूंचा चौकोन, म्हणजे सुमारे ८०० बाइट, तेवढाच बदलावा लागे.

नव्या पद्धतीस कंपोझिटिंग म्हणतात. तीत प्रत्येक खिडकी मेमरीतील स्वतःच्या स्वतंत्र फलकावर रेखाटली जाते. कंपोझिटर नावाची आज्ञावली हे सर्व फलक एकावर एक रचून अंतिम चित्र तयार करते. सावल्या, पारदर्शकता, खिडक्यांच्या लघुप्रतिमा, सरकताना चित्र न फाटणे हे सर्व लाभ या पद्धतीतून मिळतात. मॅक ओएस एक्सने २००१ मध्ये ती स्वीकारली, विंडोजने व्हिस्टापासून आणि ग्नोमने आवृत्ती ३ पासून ती मध्यवर्ती केली. वेलँड या नव्या प्रदर्शन-व्यवस्थेत तर कंपोझिटर हा व्यवस्थेचा अविभाज्य घटक आहे. तो बंद करता येत नाही. १९८७ पासून चालत आलेल्या एक्स ११ व्यवस्थेत मात्र तो ऐच्छिक असतो. जुन्या संगणकांसाठी हा भेद निर्णायक होय.

४. भाराचे गणित

हा भार किती, हे साध्या आकडेमोडीने समजते. प्रयोगशाळांत सर्रास आढळणाऱ्या १३६६ बाय ७६८ पडद्यावर १०,४९,०८८ चित्रबिंदू असतात. प्रत्येकासाठी ४ बाइट धरल्यास एका पूर्ण चित्रास सुमारे ४२ लाख बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. म्हणजे चित्र एकदा केवळ वाचण्यासाठीच सेकंदाला सुमारे २५ कोटी बाइटची ने-आण होते.

आता पार्श्वभूमी, त्यावर एक मोठी खिडकी आणि त्यावर पारदर्शक थर अशी तीन थरांची रचना कल्पावी. पार्श्वभूमी वाचणे व लिहिणे, खिडकी वाचणे व लिहिणे, पारदर्शक थरासाठी तो थर वाचणे, खालचे चित्र वाचणे व मिश्रण लिहिणे, आणि शेवटी पडद्याकडे पाठविण्यासाठी वाचणे, अशा आठ फेऱ्या होतात. आठ गुणिले २५ कोटी म्हणजे सेकंदाला सुमारे २०० कोटी बाइट. जुन्या डीडीआर ४०० जातीच्या एका मेमरीपट्टीची सैद्धांतिक कमाल क्षमता सेकंदाला ३२० कोटी बाइट असते. तिचा सुमारे ६३ टक्के भाग केवळ पडदा रंगविण्यात खर्ची पडला तर उरलेल्या कामास काय शिल्लक राहणार? डीडीआर २ ८०० जातीच्या दोन समान पट्ट्या जोडीने लावल्यास हीच क्षमता १२८० कोटी बाइटपर्यंत जाते आणि तोच भार सुमारे १६ टक्क्यांवर येतो.

हे कमाल स्थितीचे गणित आहे. प्रत्यक्षात चांगले कंपोझिटर झाकलेले थर वगळतात व केवळ बदललेला भाग पुन्हा रचतात. पडदा स्थिर असताना भार नगण्य असतो; खिडकी सरकवताना, पान खाली नेताना किंवा चित्रफीत चालू असताना तो उसळतो. म्हणूनच जुना संगणक 'नुसता उघडा असताना ठीक आणि काम करू लागताच जड' असा वाटतो.

यात आणखी एक अडचण आहे. प्रयोगशाळांतील बहुतेक संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसते. मदरबोर्डवरील चिपसेटमध्येच ते अंतर्भूत असते. त्याला स्वतःची मेमरी नसल्याने ते मुख्य मेमरीतूनच वाटा घेते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स हे दोघेही एकाच विहिरीवर पाणी भरतात. शिवाय प्रत्येक पूर्ण आकाराच्या खिडकीसाठी ४२ लाख बाइटचा फलक लागत असल्याने दहा खिडक्यांना सुमारे ४ कोटी २० लाख बाइट लागतात. एकूण १ जीबी मेमरीच्या संगणकात हा वाटा उपेक्षणीय नसतो.

५. ग्राफिक्सचे काम प्रोसेसरवर येते तेव्हा

ग्राफिक्स चिप आवश्यक सूचना समजू शकत नसेल किंवा तिचा ड्रायव्हर उपलब्ध नसेल, तर तेच काम मुख्य प्रोसेसरकडून करून घेता येते. लिनक्समध्ये मेसा या संचातील एलएलव्हीएमपाइप हा घटक ते करतो. मे २०१२ मधील फेडोरा १७ मध्ये ग्नोम शेल याच्या साहाय्याने कोणत्याही ग्राफिक्सविना चालविता येऊ लागले. उबुंटूनेही ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० आवृत्तीत आपले साधे द्विमितीय रूप बंद करून याच घटकावर भिस्त ठेवली. या सोयीमुळे 'चालते' आणि 'चांगले चालते' यांतील अंतर झाकले गेले. डेस्कटॉप दिसतो, म्हणून सर्व ठीक आहे असे समजले जाते; प्रत्यक्षात प्रोसेसरचे सर्व गाभे खिडक्या रंगविण्यात गुंतलेले असतात.

ही स्थिती ओळखणे सोपे आहे. डेस्कटॉपच्या 'प्रणालीविषयी माहिती' या भागात ग्राफिक्सच्या नावापुढे चिपसेटचे नाव न येता एलएलव्हीएमपाइप असे आले, तर चित्रण प्रोसेसर करीत आहे असे निश्चित समजावे.

ड्रायव्हरच्या बाबतीत २०२२ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी मेसाच्या २२.० आवृत्तीतून जुन्या रचनेचे ड्रायव्हर वगळण्यात आले आणि ते 'अँबर' नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवले गेले. तथापि, इंटेलच्या बहुतांश जुन्या चिपसेटसाठी नव्या रचनेचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत. ९४५ व जी ३१ या चिपसेटमधील ग्राफिक्सला आय ९१५ आणि जी ४१ मधील एक्स ४५०० ला क्रोकस हा ड्रायव्हर चालतो. म्हणून या चिपसेटचे संगणक ग्राफिक्सविना आहेत असे समजण्याचे कारण नाही.

६. नागपूरचा उन्हाळा

प्रोसेसरवर पडणाऱ्या या अतिरिक्त भाराला नागपुरात वेगळे परिमाण लाभते. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याही पुढे जातो, आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचा कालखंडही याला लागूनच येतो. प्रोसेसरवरील पंखा त्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो केवळ खोलीचे तापमान आणि प्रोसेसरचे तापमान यांतील फरक आटोक्यात ठेवतो. खोली २५ अंशांवरून ४० अंशांवर गेली, तर तोच भार असताना प्रोसेसरही साधारण तेवढ्याच अंशांनी अधिक तापतो. मर्यादा ओलांडली की स्वसंरक्षणासाठी तो आपली गती स्वतःच कमी करतो.

कोअर २ ड्युओच्या ई मालिकेतील सर्वसाधारण प्रोसेसरची उष्णता-मर्यादा ६५ वॅट आहे. पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट मालिकेत ती शंभर वॅटच्या आसपास जाते. अशा प्रोसेसरकडून चित्रणाचेही काम करून घेणे म्हणजे त्याला सतत पूर्ण भाराखाली ठेवणे होय. डिसेंबरात सुरळीत चालणारी प्रयोगशाळा एप्रिलमध्ये मंदावते, यामागे हेही एक कारण असू शकते. उन्हाळ्यापूर्वी पंख्यांतील धूळ काढणे आणि प्रोसेसरवरील वाळलेली उष्णतावाहक पेस्ट बदलणे ही कामे अल्प खर्चाची असून त्यांचा लाभ हलके डेस्कटॉप पर्यावरण निवडण्याच्या लाभाला पूरक ठरतो.

७. मराठी मजकुराचा प्रश्न

हलके पर्यावरण निवडल्यास मराठी नीट दिसणार नाही, अशी शंका भाषा विभागातील प्राध्यापकांकडून घेतली जाते. एके काळी ही शंका रास्त होती. विंडोज ९८ मध्ये युनिकोड देवनागरीची व्यवस्था नव्हती आणि एक्सपीमध्ये ती वेगळी सुरू करावी लागे. त्यामुळे प्रत्येक टंकासाठी निराळी संकेतव्यवस्था वापरली गेली आणि एका संगणकावरील प्रश्नपत्रिका दुसऱ्यावर वाचता येईना.

आजची स्थिती वेगळी आहे. जोडाक्षरांची घडण, वेलांटीचे स्थान, रफार, 'ऱ्य' मधील अर्धा र ही सर्व कामे हार्फबझसारख्या मजकूर-रचना घटकांकडून होतात आणि हे घटक ग्नोम, एक्सएफसीई, माटे, एलएक्सक्यूटी या सर्वांना समान उपलब्ध आहेत. हे काम मूलतः प्रोसेसरचे असून त्रिमितीय ग्राफिक्सशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे अत्यंत साध्या पर्यावरणातही युनिकोड मराठी तितकीच शुद्ध उमटते. आयबस या निविष्टी-पद्धतीद्वारे इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. देवनागरी टंकांचा संच स्थापनेच्या वेळीच घालावा, एवढी दक्षता पुरेशी आहे.

८. भार कमी करण्याचे मार्ग

पहिला मार्ग योग्य पर्यावरण निवडण्याचा. एक्सएफसीईमध्ये कंपोझिटर असतो, परंतु खिडकी-व्यवस्थापकाच्या सूक्ष्म मांडणीत जाऊन तो बंद करता येतो. माटेमध्येही तशी सोय आहे. एलएक्सक्यूटी ओपनबॉक्ससह वापरल्यास कंपोझिटर मुळातच नसतो. सिनॅमनमध्ये सॉफ्टवेअर चित्रणाचे वेगळे सत्र मिळते. परंतु ते अडचणीच्या वेळची सोय आहे, नित्याच्या वापरासाठी नव्हे. ग्नोम आणि प्लाझ्मा ही पर्यावरणे समर्थ ग्राफिक्स असलेल्या संगणकांसाठी राखावीत.

दुसरा मार्ग यंत्रातील अल्प सुधारणांचा. समान क्षमतेच्या दोन मेमरीपट्ट्या जोडीने बसविल्यास मेमरीची वाहतूक-क्षमता सैद्धांतिकदृष्ट्या दुप्पट होते, हे वरील गणितावरून स्पष्ट आहे. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसविल्याने संगणक सुरू होणे आणि कार्यक्रम उघडणे यांत लक्षणीय फरक पडतो. मेमरी कमी असल्यास झेडरॅम ही सोय सुरू करावी. ती मेमरीतील न वापरला जाणारा मजकूर दाबून ठेवते.

तिसरा मार्ग वापराच्या शिस्तीचा. आज सर्वाधिक मेमरी ब्राउझर घेतो, डेस्कटॉप नव्हे. स्वयम सारख्या मंचांवरील व्याख्याने पाहताना चित्रफितीचे विसंकेतन हा मोठा भार असतो आणि जी ४१ पर्यंतच्या साध्या चिपसेटमध्ये आजच्या प्रचलित चित्रफीत-प्रकारांसाठी पुरेशी यांत्रिक सोय नाही. १०८०पी चित्रफितीच्या एका चौकटीत २०,७३,६०० चित्रबिंदू असतात. ४८०पी मध्ये सुमारे ४ लाख १० हजार. दर्जा ४८०पी ठेवल्यास काम जवळजवळ एक-पंचमांश होते, आणि फळ्यावरील लेखन बहुधा वाचता येते.

चौथा मार्ग टर्मिनल-व्यवस्थेचा. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रकल्पाद्वारे सर्व संगणक एका सर्व्हरवरील सामायिक प्रतिमेतून नेटवर्कद्वारे सुरू करता येतात. प्रत्येक यंत्रावर वेगळी स्थापना करावी लागत नाही. एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र पोहोचतो. प्रयोगशाळा-साहाय्यक एकच असलेल्या महाविद्यालयांत हा लाभ मोठा आहे. मात्र आजच्या रचनेत चित्रणाचे काम सामान्यतः त्या त्या यंत्रावरच होते; म्हणून हलके पर्यावरण निवडण्याची गरज टर्मिनल-व्यवस्थेतही उरतेच. सर्व्हर बंद पडल्यास संपूर्ण प्रयोगशाळा थांबते, याचाही विचार करावा लागतो.

९. ठेवावे की निर्लेखित करावे

वरील विवेचनाच्या आधारे संगणकांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट २०११ नंतरच्या कोअर आय ३, आय ५ प्रोसेसरच्या संगणकांचा, म्हणजे इंटेलच्या दुसऱ्या ते सातव्या पिढीपर्यंतचा. विंडोज ११ यांना अधिकृतपणे नाकारते, परंतु त्यांचे ग्राफिक्स आधुनिक कंपोझिटिंगला पुरेसे आहे. ८ जीबी मेमरी व एसएसडी असल्यास ग्नोम किंवा प्लाझ्माही त्यांवर समाधानकारक चालते. हे संगणक ग्राफिक्सच्या कारणास्तव निर्लेखित करण्याचे कोणतेही समर्थन नाही.

दुसरा गट ९४५, जी ३१, जी ४१ चिपसेट व कोअर २ ड्युओ किंवा पेंटियम ड्युअल कोअर प्रोसेसरच्या संगणकांचा. यांतील प्रोसेसर ६४ बिटचे असल्याने ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रकाशित झालेली डेबियन १३ यांवर बसते. एक्स ११ सत्र, कंपोझिटर बंद, २ ते ४ जीबी मेमरी आणि शक्य असल्यास एसएसडी अशी मांडणी केल्यास लिब्रेऑफिस, प्रोग्रामिंगचे प्रात्यक्षिक, मराठी टंकलेखन व ग्रंथालयाची शोधसूची यांसाठी ते उपयुक्त राहतात. अनेक टॅब उघडून करावयाचे ब्राउझरचे काम मात्र यांच्याकडून अपेक्षू नये.

तिसरा गट ३२ बिटच्या पेंटियम ४ व तत्सम संगणकांचा. येथे भावनेपेक्षा वस्तुस्थिती पाहावी लागते. डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकांसाठी स्थापनासंचच नाही. डेबियन १२ चे दीर्घकालीन समर्थन जून २०२८ पर्यंत आहे. लिनक्ससाठीचा ३२ बिट क्रोम २०१६ मध्येच बंद झाला आणि ३२ बिट लिनक्ससाठी फायरफॉक्सच्या नियमित आवृत्त्या २०२५ मधील १४४ व्या आवृत्तीनंतर थांबल्या. इंटरनेटशी न जोडता सी भाषेची प्राथमिक प्रात्यक्षिके वा टंकलेखनाचा सराव एवढ्यापुरते हे संगणक काही काळ वापरता येतील. ते चालू ठेवण्यासाठी लागणारी वीज, उष्णता आणि साहाय्यकाचा वेळ लक्षात घेता बहुतेकांचे निर्लेखन हाच योग्य निर्णय ठरतो.

निर्लेखनासही शिस्त हवी. ई-कचऱ्याविषयीचे नियम देशात १ मे २०१२ पासून अमलात आले आणि २०१६ च्या नियमांत घाऊक ग्राहकाच्या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा स्पष्ट उल्लेख होता. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या २०२२ च्या नियमांत ही व्याख्या बदलून वर्षभरात किमान एक हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थांपुरती ठेवण्यात आली आहे. बहुतेक महाविद्यालये तिच्याबाहेर राहतील. परंतु जुने संगणक भंगारवाल्याच्या गाड्यावर घालण्याऐवजी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे देण्याचे औचित्य त्यामुळे कमी होत नाही. देण्यापूर्वी डिस्कवरील विद्यार्थ्यांची माहिती कायमची पुसून टाकणे हेही तितकेच आवश्यक आहे.

१०. मर्यादा

मुक्तस्रोत पर्याय सर्व गरजा भागवितो असे म्हणता येणार नाही. वाणिज्य विभागात शिकविली जाणारी काही लेखा-आज्ञावली, कार्यालयीन कामासाठीचे काही कार्यक्रम आणि विंडोजवर आधारित प्रमाणपत्र-अभ्यासक्रम यांसाठी काही संगणक विंडोजवरच ठेवावे लागतील. म्हणून संपूर्ण स्थलांतराऐवजी मिश्र प्रयोगशाळा व्यवहार्य ठरते. दुसरी मर्यादा प्रशिक्षणाची. केरळमध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्पातून शालेय संगणक-शिक्षण मुक्त आज्ञावलीवर आणले गेले. त्यामागे शिक्षकांच्या व्यापक प्रशिक्षणाचे बळ होते. केवळ संगणकात बदल करून शिक्षकांना सोबत न घेतल्यास असे प्रयत्न टिकत नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्स व लिब्रेऑफिसवरील दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. विदर्भातील महाविद्यालयांना त्यांचा उपयोग करून घेता येईल.

११. समारोप

जुन्या संगणकाची उपयुक्तता त्याच्या वयावर ठरत नाही. त्याच्याकडून कोणत्या पद्धतीने काम करून घेतले जाते, यावर ती ठरते. आधुनिक डेस्कटॉप पर्यावरणांनी पडदा रचण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपविले आणि ती चिप दुर्बल असेल तेव्हा तो भार प्रोसेसर व मेमरी यांच्यावर आला. हे कारण एकदा समजले की उपायही स्पष्ट होतो. प्रथम ग्राफिक्स कोण चालवीत आहे ते तपासावे, त्यानुसार पर्यावरण निवडावे, कंपोझिटर ठेवावा की बंद करावा ते ठरवावे, मेमरी व डिस्क यांत आवश्यक तेवढी सुधारणा करावी आणि त्यानंतरच निर्लेखन समितीपुढे यादी ठेवावी.

हा क्रम पाळला न गेल्यास दोन्ही बाजूंनी हानी होते. चालू शकणारे संगणक भंगारात जातात आणि न चालणारे संगणक वर्षानुवर्षे टेबलावर जागा अडवितात. ज्या विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतील एक चालू यंत्र म्हणजे आठवड्यातील काही तासांचे प्रत्यक्ष शिक्षण असते. तालुक्याच्या महाविद्यालयात वीस संगणकांपैकी बारा नीट चालतात की सहा, यावर एका तुकडीतील किती विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे प्रात्यक्षिक करता येईल, हे अवलंबून राहते. हा निर्णय खरेदी विभागावर वा पुरवठादारावर न सोपविता संबंधित विषयाच्या प्राध्यापकांनी समजून-उमजून घ्यावयास हवा.